मेहराबीच्या आतली मेहराब

काल सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि चष्म्याच्या दोन्ही काचा एकदम पांढऱ्या झाल्या. समोरची इमारत नाही, खालचं किराणा दुकान नाही, माझा पुढे केलेला हातही नाही. चष्मा काढून ओढणीने पुसला, लावला, पुन्हा पांढरा. मग लक्षात आलं, सप्टेंबर आला.

कतारमधला हा ऋतू आपल्या पंचांगात कुठे बसत नाही. ऑगस्टच्या शेवटी पहाटेच्या आकाशात सुहैल नावाचा तारा दिसला की इथली माणसं म्हणतात, उन्हाळा मोडला. सुहैल म्हणजे आपला अगस्ती. आपल्या गोष्टीतला अगस्ती समुद्र पिऊन टाकतो. इथे तो उगवला की समुद्र उठून हवेत येतो. दोहातल्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना बाहेरून घाम सुटतो. जिन्याचे कठडे, मोटारींची दारं, मशिदीच्या पायरीवर काढलेल्या चपला, सगळं ओलं. हवेत एवढं पाणी असतं आणि थेंब पडत नाही. नाशिकला वाढलेलं माझं अंग तरीही ढगांची वाट बघत राहतं.

"आई, व्हाय आर यू स्टँडिंग लाइक दॅट?" ईरा बूट घालता घालता म्हणाली. "इट्स जस्ट ह्युमिडिटी."

"हो गं," म्हटलं आणि दार लावून घेतलं. ती शाळेच्या बसने गेली. नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पावर शिफ्टला. घर रिकामं झालं, तसा खिडकीवरून एक थेंब सुटून काचेवर वाकडी रेघ ओढत खाली गेला, आणि मला ती भिंत दिसली.

त्या ऋतूला आता चार वर्षं होतील. ईरा लहान असताना सोडलेलं आर्किटेक्टचं काम मी दहा वर्षांनी पुन्हा धरलं होतं. जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मला घेतलं आणि पहिलंच काम दिलं ते उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या एका ओसाड गावातल्या मशिदीचं. गावाचं नाव लिहीत नाही. दोहाहून तासाभराचा रस्ता, मग खडीची वाट, मग खारी जमीन. मासे आणि मोती यांवर जगणारं गाव कधीच उठून शहरात गेलं होतं. घरांच्या कंबरेएवढ्या भिंती उरल्या होत्या. छप्पर शाबूत असलेली एकच वास्तू होती, ती म्हणजे मशीद.

तुर्कांच्या अमलातली मशीद असं ऐकून मी मनात भलतंच चित्र रंगवलं होतं. मोठा घुमट, निळ्या फरशा, सुईसारखे मिनार. प्रत्यक्षात उभी होती एक बुटकी, मातकट, गोलसर कोपऱ्यांची इमारत. मिनार म्हणजे खाली जाड, वर निमुळता होत गेलेला एक रांजणच. दार समुद्राकडे, पाठ जमिनीकडे. दोहाच्या किल्ल्यात तुर्की शिपाई राहत होते तेव्हा फक्त डागडुजी झाली होती; इथल्या कोळ्यांनी ती त्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या हातांनी बांधली होती. समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड, जिप्समचा गिलावा, आणि छताला आफ्रिकेच्या खाड्यांतून गलबतांवर आलेले खारफुटीचे वासे. त्या झाडाचा सरळ वासा तीन मीटरच्या पुढे फारसा मिळत नाही, म्हणून आतली दालनंही तीन मीटरच रुंद. लांबच लांब आणि अरुंद. आत शिरलं की खांद्यांना भिंती जवळ आल्यासारख्या वाटत. प्रवाळाच्या दगडात अजून शिंपल्यांचे ठसे होते आणि कान लावला की भिंत खरोखरच समुद्रासारखी वाजे. ते आपल्याच कानातलं रक्त असतं, हे मला माहीत होतं. तरी मी एकदा लावला, पुन्हा लावला नाही.

तिथे पहारेकरी होते हमीदचाचा. साठीला टेकलेले, पांढरी दाढी, निळा युनिफॉर्म. पहिल्या दिवशी मी फोनवर ईराशी मराठीत बोलत होते. फोन ठेवला तर ते समोर उभे.

"म्याडम, तुमी आमच्याकडच्या?"

"नाशिकची. तुम्ही?"

"म्हसळ्याचा हाय मी. रायगड." आणि एवढं हसले की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या ओसाड जागी मराठी ऐकायला मिळेल असं कुणाला वाटलं असतं? दुसऱ्या दिवसापासून मी 'बाय' झाले.

कामगार इंडस्ट्रियल एरियातून कंपनीच्या बसने पहाटे येत आणि दहाला परत जात, कारण त्या दिवसांत भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. दहानंतर तिथे आम्ही दोघंच उरायचो. मी गाडीत एसी लावून टिपणं लिहायची, हमीदचाचा त्यांच्या पत्र्याच्या केबिनमध्ये. अधूनमधून आत जाऊन मापं घ्यायची. ती दुपार मी कधी विसरणार नाही. आकाश आणि समुद्र एकाच राखी रंगाचे, मध्ये रेघ नाही. वारा नाही. सावली पडत नाही इतका उजेड पसरलेला. पक्षीसुद्धा नाहीत. सगळं जग कुणीतरी ओल्या कापडात गुंडाळून ठेवलंय आणि त्यात ही एकच इमारत श्वास घेतेय, असं वाटायचं.

श्वास म्हणते, कारण ती खरंच हलत होती. मेहराबीच्या, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत दोन भेगा होत्या. सरळ. भेग कधी सरळ नसते, ती दगडांच्या सांध्यांतून वाट काढत वळते. या पट्टीने आखल्यासारख्या. त्यांच्यावर मी काचेच्या पातळ पट्ट्या गिलाव्याने आडव्या चिकटवल्या होत्या. पद्धत जुनी आणि साधी आहे. भिंत हलली की काच तुटते, आणि तुटली की वहीत लिहायचं आणि ऑफिसला कळवायचं.

आणि तो आवाज. टक. मग बराच वेळ काही नाही. टक. मेहराबीच्या आतून, कोणीतरी नखाने वाजवावं तसा. मी हमीदचाचांना विचारलं, तेव्हा ते चहा गाळत होते.

"हवेतलं पाणी भिंत पिते ना बाय, मंग आतला गिलावा सुटतो. साहेब लोक तसंच बोलले."

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "मी दुपारची नमाज हितं केबिनमंदी करतो. आत नाय करत."

"का?"

"आत जागा नसते," ते म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत.

दर गुरुवारी अबू जासिम येत. ऐंशीच्या पुढचे कतारी गृहस्थ, याच गावात जन्मलेले. तरुणपणी गलबतांवर मुंबईला जाऊन आलेले, त्यामुळे त्यांचं हिंदी अरबीत भिजलेलं होतं. गाडीतून उतरत, काठी टेकत मशिदीच्या दारापर्यंत येत आणि उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसत. मी त्यांच्याकडून इतिहास गोळा करत असे. विहीर कुठे होती, दिवे कशाचे, बांग देणारा मिनारावर कसा चढे. ते खुशीने सांगत. एकदा मी विचारलं, "बाबा, ये मेहराब बाकी दीवार से अलग क्यों है?"

"ये तुर्की टाइम का," ते म्हणाले. "एक तुर्की अस्कर, सिपाही, आया था. उसने बोला, ऐसा बनाओ."

"और उसके पहले वाला?"

त्यांनी काठी उचलली. "खलास," म्हणाले. "यल्ला, हम जाता है." आणि पुढचे दोन गुरुवार आले नाहीत.

आता जे लिहायचं ते सोपं नाही. उजव्या भेगेवरची काच पहिल्यांदा तुटलेली दिसली तेव्हा मला वाटलं, माझ्याच पिशवीचा पट्टा लागला असेल. दहा वर्षं घरी बसलेली बाई, पहिलंच काम, आणि ऑफिसात सांगायचं की माझ्या हातून काच तुटली? मी नवी पट्टी चिकटवली आणि वहीत लिहिलं, 'बदल नाही.' दहा दिवसांनी ती पुन्हा तुटली. या वेळी पिशवी गाडीत होती. मी तुकडे गोळा करून रुमालात बांधले. आता लिहायचं तर आधीचंही सांगावं लागणार होतं. मी पुन्हा 'बदल नाही' लिहून तिसरी पट्टी लावली. गिलावा वाळेपर्यंत बोटाने दाबून धरली होती, आणि बोटाखाली भिंत कोमट लागली. अंगासारखी कोमट.

त्यानंतरच्या मंगळवारी टकटक थांबली. सकाळपासून एकदाही नाही. कामगार गेल्यावर मी आत जाऊन ऐकत उभी राहिले, तर ती शांतता सहन होईना. जणू बोलता बोलता कोणी थांबलंय आणि आपल्याकडे बघतंय. मी झपाझप बाहेर आले, गाडीत बसले, दारं लॉक केली. स्वतःलाच हसू आलं. एसी लावला. पाच मिनिटांत बाहेरच्या दमट हवेने गाडीच्या सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या आणि मी एका अंड्यात बसल्यासारखी बसून राहिले. वही मांडीवर. सव्वाबारा वाजले असतील.

धडाका नव्हताच. माळ्यावरून पिठाचं पोतं टाकावं तसा बसका आवाज झाला. दार उघडून बाहेर आले तर मशिदीच्या दारातून पांढरी धूळ हळूहळू, घाई नसल्यासारखी, बाहेर येत होती.

"चाचा!" मी केबिनकडे ओरडले. केबिनचं दार उघडं, आत कोणी नाही.

दुपारी कधीच आत न जाणारा तो माणूस मेहराबीसमोर पडला होता. उजवा खांदा दगडांखाली. मी हातांनी दगड ओढले. प्रवाळ हलका असतो, पण धारदार; माझे तळवे फाटले ते नंतर कळलं. तोंडावरची धूळ पुसली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दुखण्यापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

"तुमी... बाहेर होता?" ते म्हणाले.

मला वाटलं, डोक्याला मार लागलाय. "हो चाचा, गाडीत होते. बोलू नका." त्यांना कसंबसं अंगणात आणलं. अ‍ॅम्ब्युलन्स यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात ते माझा हात धरून पडून होते आणि एकसारखे मशिदीच्या दाराकडे बघत होते.

त्याच संध्याकाळी मी ऑफिसला सगळं लिहून पाठवलं. दोन काचा, दोन खोट्या नोंदी, माझी सही. वाटलं होतं, काढून टाकतील. प्रमुखांनी बोलावून फक्त एवढंच विचारलं, "लिहायला काय झालं होतं?" ते काम माझ्याकडून काढून घेतलं, पण निघायच्या आधी पडलेल्या भागाची मापं मीच घ्यावीत असं ठरलं, कारण जागा मला ठाऊक होती.

छताला टेकू लावून झाल्यावर आठवड्याने मी आत गेले. मेहराबीचा अर्धा भाग गळून पडला होता आणि तिच्या मागे आणखी एक मेहराब होती. लहान, साधी, पुरती काळी. दोन्हींमध्ये हातभर पोकळी. मग त्या सरळ भेगांचा अर्थ कळला. पुढची मेहराब नंतर जोडलेली होती, भिंतीत कधी गुंफलेलीच नव्हती. मी आतल्या कोनाड्याला बोट लावलं. बोट काळं झालं. पिढ्यान्पिढ्या तिथे ठेवलेल्या दिव्याची काजळी, शंभराहून जास्त वर्षं अंधारात बंद राहूनही ओली. कुणी ती धुतली नव्हती, चुन्याचा हात दिला नव्हता. घाईघाईत भिंत घातली होती.

यंत्र लावून दिशा मोजली. बाहेरची मेहराब बरोबर मक्केकडे. आतली आठ अंशांनी चुकलेली.

अबू जासिम आले त्या दिवशी. पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत. त्या काळ्या कोनाड्यासमोर काठीवर भार देऊन उभे राहिले. मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, त्यांना तो ठाऊकच असावा.

"तुर्की अस्कर के पास होकायंत्र था," ते म्हणाले. आम्ही इतके दिवस बोलत होतो, म्हणून आमचा मराठी शब्द त्यांनी उचलला होता. "उसने देखा, बोला, तुम लोग का किब्ला, नमाज़ का दिशा, ग़लत है. गाँव का आदमी लोग बहुत रोया. बाप ऐसा पढ़ा, दादा ऐसा पढ़ा, सब मर गया. अब क्या करेगा? एक हफ़्ते में बंद किया. बोला, कोई नाम नहीं लेगा."

"पर उनको मालूम नहीं था, बाबा."

"हाँ. मालूम नहीं था. अल्लाह क़बूल करता है." मग काठीने त्या काळ्या कोनाड्याकडे दाखवत म्हणाले, "लेकिन जो मर गया, उसको कौन बताएगा? वो तो अब भी इधरीच देखता है."

पुढे मशीद दुरुस्त झाली. नवी भिंत जुनीत नीट गुंफून घेतली. आतल्या कोनाड्याचे फोटो काढले, नकाशात तो तुटक रेघेने दाखवला आणि पुन्हा बंद केला. हिवाळ्यात तिथे आता शुक्रवारची नमाज होते, सहलीला आलेली माणसं अंगणात फोटो काढतात. मी एकदा कुटुंबाला घेऊन गेले होते. ईराने अंगणातूनच बघितलं. "क्यूट," म्हणाली.

हमीदचाचांचा खांदा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधलं, पण हात वर जाईना. कंपनीने घरी पाठवायचं ठरवलं. विमानाच्या आदल्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. डब्यात पातळ पोहे नेले होते. ते डाव्या हाताने, सांडत सांडत खात होते. मी खिडकीकडे बघून सगळं सांगून टाकलं. काच दोनदा तुटली होती. मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मशीद त्याच दिवशी बंद झाली असती आणि तुम्ही आज धडधाकट असता.

त्यांनी डबा बाजूला ठेवला.

"बाय, काच तुटली म्हणून मी आत गेलो नाय," ते म्हणाले. "तुमी आत हायेत म्हणून गेलो."

"पण मी तर गाडीत होते."

"ता मना काय म्हायत? गाडीच्या काचा पांढऱ्या. दिसता काय? आणि आतून तुमाला हाक मारत व्हता कोणतरी. एका हाकेला आमी उठत नाय, भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाय बोलतात. दोन झाल्या. तिसरी आली तवा म्हटला, बाय आत सापडली वाटतं, कोणतरी बोलवतंय तिला." त्यांनी धडका हात माझ्या हातावर ठेवला. "माधवी, माधवी, असा. अगदी जवळून."

नर्स आली आणि भेटीची वेळ संपली. मी जिना उतरले, गाडीपर्यंत गेले, आणि ती सुरू करण्याआधी चारही काचा खाली केल्या.

नंतर मनाशी समजूत घातली. गोंधळला असेल माणूस, मार लागला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गेटवरच्या वहीत माझं नाव रोज असायचं, तेच डोक्यात राहिलं असेल. चार वर्षं ही समजूत पुरली. ईदला त्यांचा फोन येतो, ते ईरा केवढी झाली विचारतात, मी हात कसा आहे विचारते. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

काल मात्र ईरा गेल्यावर राहवलं नाही. म्हसळ्याला फोन लावला. तिकडे मागे कोंबड्या ओरडत होत्या, सुनेने फोन त्यांच्या कानाला लावला.

"चाचा, एक विचारू? तुम्ही नक्की माझंच नाव ऐकलं होतं? की वहीत वाचलेलं आठवलं?"

"वहीत तुमी विंग्रजीत लिवायच्या," ते शांतपणे म्हणाले. "मना विंग्रजी वाचता येत नाय बाय. साहेब लोक म्याडम बोलायचे, मी बाय बोलायचो. तुमचा नाव मना त्या दिवशी भिंतीकडून कळला."